चुन्याने आखलेलं घर

१९८७ सालच्या मे महिन्यातला पहिला रविवार. खर्च साडेनऊ रुपये: सात रुपयांचा चुना आणि अडीच रुपयांची सुतळी. हजर चौघे: नाना, त्यांची बायको म्हणजे अक्का, मी आणि माझी बायको. जागा धुळ्यात देवपूरला, नानांच्या घरामागचं मोकळं आवार. चुना मी आणला होता, म्हणून आकडे पक्के आहेत.

नाना वकील होते आणि आमचे घरमालकही. त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. मी कलेक्टर कचेरीत पुनर्वसन शाखेत लेखापाल होतो. धरणाखाली गाव गेलं की त्या गावाला दुसरीकडे जागा द्यायची, घर बांधायला पैसे द्यायचे, त्याचे हिशेब माझ्याकडे. त्या जागांचे नियम लिहायचे असले की कचेरी नानांकडे येई, आणि बऱ्याचदा मुंबईहून मंत्रालयही येई. सरकारचा कारभार मराठीत आणायचं तेव्हा जोरात चाललं होतं आणि साध्या मराठीत कायदा लिहिणारा माणूस सहजी सापडत नव्हता. नाना मूळचे फैजपूरचे. मुंबईला चला म्हणून त्यांना दोनदा बोलावणं आलं होतं, पण तिथे दुपारी झोपायला मिळत नाही एवढंच कारण सांगून ते धुळ्यातच राहिले.

त्या रविवारी सुतळी धरून, चुना टाकून आम्ही आवारात एक चौकोन आखला. तीस फूट बाय चाळीस फूट. शिंदखेड्याच्या बाजूला एक गाव धरणात जाणार होतं आणि तिथल्या प्रत्येक कुटुंबाला एवढी जागा मिळेल असं नियमाच्या कच्च्या मसुद्यात होतं. दाराच्या जागी दोन हात रेघ मोकळी ठेवली. मग नानांनी चार बांबू रोवून वर पोती टाकली, खाट आत नेली, अक्कांची चूल आत नेली आणि आम्हाला म्हणाले, "आठ दिवस आम्ही इथे राहणार. नियमात."

अक्कांनी कपाळाला हात लावला नाही, हसल्याही नाहीत. त्यांना सवय होती. "पाण्याचा माठ आत घ्या," एवढंच त्या म्हणाल्या.

नानांचं म्हणणं असं होतं की नियम हे घर असतं. वाचून ते कळत नाही, दुपार काढून कळतं. "आधी मी राहून येतो, मग लोकांना पाठवू," असं ते म्हणत. बाकीचे वकील मसुद्यावर तांबड्या शाईने खुणा करत, नाना त्यात बिऱ्हाड करत.

याची सुरुवात कधी झाली ते मला माहीत नाही. मी त्यांच्याकडे राहायला गेलो त्याच्या आधीची एक गोष्ट अक्का सांगायच्या. जळगावच्या बाजूला एका नाक्यावर केळीच्या ट्रकांसाठी नियम करायचा होता. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढ्याच वेळात ट्रक तपासायचे, बाकी वेळ उभे ठेवायचे. कागदावर नियम चांगला होता, नाक्यावर गर्दी होऊ नये म्हणून केलेला. नाना फैजपूरला गेले, ओळखीच्या बागेतून निघालेल्या एका ट्रकवर घडांच्या ढिगावर पाचोळा अंथरून बसले आणि सहा वाजता नाक्यावर पोचले. म्हणजे एक तास उशीर. रात्र आणि सकाळ तिथेच. वर उन्हाचा पडदा, खाली पिकत चाललेल्या केळीचा गोड, जड वास. दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या कोटावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. ते कधीच गेले नाहीत. तो कोट घालून नाना पुढे अनेक वर्षं कोर्टात उभे राहिले. कोणी विचारलं तर म्हणत, "अभिप्राय दिला होता, त्याची नक्कल आहे."

सगळ्याच नियमांत असं जाऊन राहता येत नाही. मग नाना बसल्या जागी जात. बोलता बोलता थांबत, डोळे उघडेच, नजर समोरच्या माणसाच्या खांद्यावरून पलीकडे. कपातल्या चहावर साय धरे. पाच मिनिटं, कधी दहा. अक्का पक्षकाराला सांगत, "थांबा जरा. ते आत गेलेत." मग नाना परत येत, डोळे चोळत, आणि एखादं असं बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस खरंच कुठेतरी जाऊन आलाय. शेतसाऱ्याच्या एका नियमाबद्दल ते एकदा म्हणाले होते, "दार आहे, पण उंबरा फार उंच आहे. म्हातारी माणसं बाहेरच बसलीत." न्यायाधीशही त्यांच्यासाठी थांबत, अशी धुळ्याच्या कोर्टात ख्याती होती. एक न्यायाधीश मात्र वैतागून म्हणाले होते, "वकीलसाहेब, आमचं कामकाज बाहेर चाललंय."

मी आकड्यांचा माणूस. मला हे सगळं तेव्हा खुळेपणाचं वाटे आणि मी तसं तोंडावर सांगत असे. "नाना, तीस गुणिले चाळीस बाराशे चौरस फूट होतात. त्यासाठी चूल बाहेर कशाला न्यायची?"

"बाराशेत बैल कुठे बसतो ते दाखवा," ते म्हणत.

आणि खरंच, तिसऱ्या दिवशी ते दूधवाल्याची म्हैस मागून घेऊन आले. बैल मिळाला नव्हता. म्हैस चुन्याच्या चौकोनात बांधली, तिच्यापुढे कडबा टाकला, आणि संध्याकाळपर्यंत हे स्पष्ट झालं की गाडी, उकिरडा आणि न्हाणीला जागा सोडली तर म्हैस, कडबा, चूल, खाट आणि दोन माणसं मिळून बाराशे फुटांत म्हशीचं शेपूट स्वयंपाकघरात येतं. अक्कांनी ते शेपूट हातानं बाजूला केलं आणि म्हणाल्या, "लिहा हे तुमच्या नियमात." त्यावरून जागा चाळीस बाय पन्नास झाली. मंत्रालयाने ती मान्य केली. मी मनात गुणाकार केला, दोन हजार, आणि पुढे त्या खुळेपणाबद्दल थोडं कमी बोललो.

ते आठ दिवस मला अजून आठवतात ते एका वेगळ्याच कारणानं. पांझरा नदीचं पात्र कोरडं होतं, वाळूवरून गरम वारा येई, आणि दुपारी त्या पांढऱ्या रेघा थरथरत उभ्या राहिल्यासारख्या वाटत. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आम्ही कोणीच रेघ ओलांडत नव्हतो. मी कचेरीतून आलो की फिरून मोकळ्या ठेवलेल्या जागेतून, म्हणजे दारातून, आत जात असे. पोस्टमन आला तो दाराशी उभा राहून हाक मारू लागला. माझी बायको अक्कांना ताक द्यायची ते रेघेवरून, खिडकीतून द्यावं तसं. एकदा तिचा पाय चुकून रेघेवर पडला तर ती दचकून मागे आली, भिंतीला धडकल्यासारखी. कोणाला काही विचित्र वाटत नव्हतं. नाना खाटेवर पडून पोत्यांच्या छिद्रांतून येणारं ऊन बघत आणि हसत. तिथे नसलेलं घर तिथे होतं.

त्याच नियमात नानांनी आणखी एक कलम घातलं. कोणाला कुठली जागा मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. यालाही कारण होतं. आधी एक गाव उठलं होतं तेव्हा रस्त्याकडच्या जागा वजनदार घरांना गेल्या आणि बौद्ध कुटुंबांना नाल्याकडची, पावसाळ्यात पाणी साठणारी आळी मिळाली. नाना ते बघून आले होते. "चिठ्ठीला जात कळत नाही," ते म्हणाले. मसुदा लिहिल्याबद्दल सरकारनं त्यांना दीडशे रुपये फी दिली. बिल माझ्या टेबलावरून गेलं.

गाव उठलं. एकशे चौसष्ट कुटुंबं. नव्या जागेवर शाळेच्या मैदानात चिठ्ठ्या निघाल्या, लहान मुलीच्या हातानं. प्रत्येकाला घर बांधायला पहिला हप्ता मिळाला. घर उभं राहिलं की दुसरा हप्ता, पंधराशे रुपये, मात्र घर आपल्या चिठ्ठीच्या जागेवरच असलं पाहिजे.

घरं बांधून झाली आणि दुसऱ्या हप्त्यासाठी पाहणी झाली, तेव्हा कचेरीत एकच गोंधळ उडाला. एकशे चौसष्टपैकी एकशे त्रेपन्न घरं दुसऱ्याच्या जागेवर होती. पाहणी करणाऱ्या माणसाला वाटलं, आपण नकाशा उलटा धरलाय.

झालं होतं असं. चिठ्ठ्या निघाल्या त्या संध्याकाळी गाव अजून पाण्याबाहेर असलेल्या जुन्या चावडीसमोर जमलं. सतरंजीवर जमलेल्या सगळ्यांनी आपापल्या चिठ्ठ्या उघड्या ठेवल्या आणि जुन्या गावात ज्या क्रमानं घरं होती त्या क्रमानं वाटून घेतल्या. ज्याच्या भिंतीला ज्याची भिंत होती, त्याच्या शेजारी तो. भांडण नाही, तंटा नाही. कोणी अर्ज केला नाही, कारण यात सरकारला सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही.

कचेरीच्या भाषेत ती एकशे त्रेपन्न घरं अतिक्रमणं होती. नोटीस तयार झाली: नव्वद दिवसांत घर आपल्या जागेवर न्या, नाहीतर पाडलं जाईल, आणि दुसरा हप्ता मिळणार नाही. घर न्यायचं म्हणजे कसं, हे नोटिशीत नव्हतं. नोटीस काढण्याआधी कायदेशीर अभिप्राय हवा म्हणून कागद नानांकडे आला. मीच घेऊन आलो.

नानांनी वाचला. मग ते आत गेले. इतका वेळ आत गेलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं, भिंतीवरून गेलं. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी एकटाच राहिलो हो तिथे," ते म्हणाले. "जागा आखली, शेजार आखलाच नाही."

अक्का गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "एकटे कुठे राहिलात? आठ दिवस ताक कुठून येत होतं? तिसऱ्या दिवशी माझी चूल पेटेना तर विस्तव कोणी दिला? ही होती ना पलीकडे." त्यांनी माझ्या बायकोकडे बोट केलं. "तुम्हाला शेजार होता. तुम्ही तो धरला नाही."

माझी बायको ओशाळून आत निघून गेली.

दोन दिवसांनी नाना आणि मी एस. टी. नं शिंदखेड्याला उतरलो आणि तिथून बैलगाडीनं नव्या गावठाणात गेलो. मला कचेरीनं पाहणीसाठी पाठवलं होतं. नानांना कोणीच पाठवलं नव्हतं. शाळेच्या ओट्यावर त्यांनी पथारी टाकली आणि पाच दिवस घरोघर फिरले. प्रश्न एकच: तुम्ही इथे आपल्या मर्जीनं आलात का? विचारताना घरात एकच माणूस असेल, दुसरं कोणी नाही, असं ते बघत.

एक म्हातारी होती. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. मूलबाळ नाही. तिच्या चिठ्ठीवरची जागा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. इथे तिच्या आणि शेजारच्या घराच्या मधल्या भिंतीत एक आरपार कोनाडा ठेवला होता, हात जाईल एवढा. जुन्या गावातही तसाच होता म्हणे. त्यात शेजारची सून दिवा ठेवी, भाकरी ठेवी. दिव्याचा म्हातारीला उपयोग नव्हता, पण ऊब हाताला लागली की संध्याकाळ झाली हे तिला कळे.

"माय, हे घर कागदावर तुमचं नाही. माहीत आहे ना?" नाना म्हणाले.

"मन्हंच शे, भाऊ." ती भिंतीला हात लावून बसली होती. "हाई भिंत मन्ही, तिकडे ती मन्ही शेजारीन. मंग घर दुसरानं कसं व्हई?"

"चिठ्ठीवर तुमचं नाव तिकडच्या आळीत आहे."

"चिठ्ठी मले भाकर देई का?"

पलीकडून सुनेचा आवाज आला, "कोन शे वं, मावशी?"

"सरकार शे," म्हातारी म्हणाली. "इचारस, आठे कसाले बठनी म्हनीसन."

"त्याले म्हना, बठ्ठा गावच बठेल शे. एकलीले काय इचारस?"

सगळं गावच इथे बसलंय, एकटीला काय विचारता, हे ऐकून नाना एवढे मोठ्यानं हसले की म्हातारीही हसू लागली. भाकरी त्याच कोनाड्यातून नानांसाठीही आली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची, वर लसणाची चटणी. ती खाताना ते दोन्ही बाजूंनी भिंत बघत होते. भिंतीला हात लावून ते मला हळूच म्हणाले, "ही पाडायची म्हणजे कुठल्या घराची पाडायची?"

इथेच विषय संपला असता तर माझ्या हिशेबात तो सोपा होता. जुना क्रम बरोबर, चिठ्ठी चूक. पण शेवटच्या दिवशी आम्ही रस्त्याकडच्या आळीत गेलो. गावात बौद्धांची अकरा घरं होती. त्यांनी चिठ्ठ्या बदलल्या नव्हत्या. ज्याला जी निघाली तिथेच त्यानं बांधलं होतं, गावभर विखरून. त्यांतले या आळीत राहणारे एक प्राथमिक शाळेत गुरुजी होते. त्यांनी नानांना खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले.

"साहेब, गावानं आम्हालाही बोलावलं होतं, चिठ्ठ्या आणा म्हणून," गुरुजी म्हणाले. "आम्ही नाही गेलो. आमचे आजे-पणजे गावाच्या खालच्या अंगाला राहिले. चिठ्ठीनं पहिल्यांदा रस्त्याकडच्या आळीत आणलं. त्यांना जुना शेजार हवा होता, आम्हाला नवा हवा होता."

"त्रास झाला?"

"पहिले सहा महिने कोणी बोललं नाही. आता पलीकडची बाई पोरांची शिकवणी विचारायला येते." मग ते म्हणाले, "पण तुम्ही आता म्हणणार, चिठ्ठीच चूक होती. मग आम्हाला परत खाली पाठवणार का?"

नाना तिथेही आत गेले. पण फार वेळ नाही. उठताना त्यांनी गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नाही. तुमच्या घरापुरती ती बरोबर होती."

परतीच्या एस. टी. त ते खिडकीला डोकं टेकून बसले होते. बाहेर कापसाची शेतं, मध्येच एखादं बाभळीचं बन, सगळं धुळीच्या पिवळ्या उजेडात विरघळत जात होतं. "अर्धीच चूक झाली," ते म्हणाले. "पूर्ण चूक एका ओळीत लिहून होते. अर्धी लिहायला फार वेळ लागतो."

पंधरा दिवस लागले. लिहायचे, पुसायचे, आवारात जाऊन उभे राहायचे.

त्या पंधरा दिवसांत मुंबईहून एक उपसचिव गाडीनं आले. वयानं तरुण, वागायला फार चांगले. राज्यभरच्या पुनर्वसनाचे नियम नव्यानं लिहायला एक समिती होणार होती आणि तीत नानांचं नाव जवळजवळ नक्की होतं. नानांना ती समिती हवी होती. मुंबईला न जाणाऱ्या माणसानं त्यासाठी नवा कोट शिवायला टाकला होता, हे मला शिंप्याकडून कळलं होतं.

उपसचिवांनी चहा घेतला, अक्कांच्या चिवड्याची स्तुती केली, आणि मग मसुद्याच्या दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथे नानांनी लिहिलं होतं: नियम लिहिणाऱ्याने भूखंड मोजला, शेजार मोजला नाही, गावाने तो मोजला, म्हणून गावाचा दोष नाही.

"नाना, एवढं वाक्य गाळा," ते म्हणाले. "आम्हीही घरं पाडू इच्छित नाही. प्रत्येक घराकडून शंभर रुपये दंड घेऊ आणि घर नियमित करू. दुसरा हप्ता देऊ. गाव खूश, सरकार खूश."

"आणि ज्यांनी चिठ्ठी पाळली ती अकरा घरं?"

"त्यांना दंड नाही. ते नियमात आहेत."

"म्हणजे गावाला दंड, त्यांना नाही. उद्यापासून गाव त्यांच्याशी बोलेल?"

उपसचिवांनी कप बाजूला ठेवला आणि म्हणाले, "सरकारी नियम चुकला असं सरकारच्याच वकिलानं लेखी दिलं, तर उद्या प्रत्येक गाव ते दाखवत येईल. समितीची यादी पुढच्या आठवड्यात निघतेय, नाना. मी स्पष्टच सांगतो."

नानांची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली. उपसचिवांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. "बरं नाही का त्यांना?"

"आत गेलेत," अक्का म्हणाल्या. "चिवडा घ्या आणखी."

पंखा फिरत होता. रस्त्यावरून कुल्फीवाल्याची घंटा गेली. उपसचिवांनी घड्याळ पाहिलं, मग पाहायचं सोडून दिलं आणि तेही खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटतं, थोडा वेळ ते दोघंही कुठेतरी गेले होते.

नाना परत आले. "राहून आलो तुमच्या दंडात," ते म्हणाले.

"काय दिसलं?"

"शंभर रुपये भरून माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो. पावती भिंतीला लावतो आणि पोरांना सांगतो, आपल्याला सरकारनं इथे राहू दिलंय." त्यांनी मसुदा जवळ ओढला. "वाक्य राहू द्या. ते मी लिहिलंय, त्याच्याखाली सही माझी आहे. सरकारनं नुसतं मान्य करायचंय."

अभिप्राय तसाच गेला. त्यात त्यांनी कायद्याचा मार्गही दाखवला होता. चिठ्ठी निघाली तरी जागेच्या ताब्याची पावती सरकारनं अजून कोणालाच दिली नव्हती, ते काम अधिकारी बदलून गेल्यामुळे पडून होतं. पावती मिळेपर्यंत चिठ्ठी हा नुसता प्रस्ताव. तेव्हा पावत्या आता द्या, घर जिथे उभं आहे तिथल्या, पण देण्याआधी प्रत्येक घराला एकट्याला विचारा. जुना शेजार हवा त्याला जुना, चिठ्ठी हवी त्याला चिठ्ठी. कोणावर गावानं किंवा भावानं जोर केला असेल तर त्याला परत जाण्याची मुभा आणि खर्च सरकारचा.

समितीची यादी निघाली. नानांचं नाव नव्हतं. शिंप्यानं कोट पाठवला तेव्हा नानांनी तो अंगात घालून आरशात पाहिला, "खांद्यात बरा बसलाय," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी तोच घालून तालुक्याच्या कोर्टात एका बांधाच्या भांडणात उभे राहिले. दुपारी घरी आल्यावर मात्र ते आत गेले नाहीत. सरळ झोपले.

अभिप्राय मान्य व्हायला वर्ष गेलं. कोणी मान्य केला, का केला, ते कागदांवरून कळत नाही. उपसचिवांची एक बारीक सही त्यावर होती एवढं मी पाहिलंय. गावात विचारपूस पुन्हा झाली. चार घरांनी सांगितलं, आमच्यावर जोर झाला होता. त्यांना त्यांच्या जागा परत मिळाल्या. बाकीची भिंत न भिंत जिथे होती तिथे राहिली.

१९९१ च्या हिवाळ्यात नव्या चावडीसमोर दुसऱ्या हप्त्याचं वाटप झालं. पैसे मी मोजले. म्हातारीला तिची शेजारीण हाताला धरून घेऊन आली. अंगठा लावताना तिनं विचारलं, "दंड किती कापा?" मी म्हटलं, "काही नाही, माय." तिचा विश्वास बसला नाही. तिनं शेजारणीकडून नोटा दोनदा मोजवून घेतल्या. गुरुजींनी सही केली, पैसे न मोजता खिशात ठेवले आणि नानांना नमस्कार सांगा म्हणाले.

यानंतर तीन महिन्यांनी ऑडिट झालं आणि एक आक्षेप माझ्याच टेबलावर आला. संबंधित वकिलांनी नियम लिहिल्याबद्दल दीडशे रुपये फी घेतली आहे. त्याच वकिलांनी नियमात उणीव होती असं आता लेखी कबूल केलं आहे. सबब सदर रक्कम वसूल का करू नये? मी तो कागद दोन दिवस दाबून ठेवला. घरमालकाला असलं काही कसं द्यायचं? शेवटी दिला आणि म्हटलं, "नाना, याला उत्तर देता येईल. मी मसुदा करतो. फी कामाची असते, निकालाची नाही."

नाना वाचता वाचता इतके खुलले की अक्का चहा टाकून बाहेर आल्या. "हा ऑडिटवाला हुशार आहे," ते म्हणाले. "सगळ्या सरकारात या एकट्यानंच माझा अभिप्राय शेवटपर्यंत वाचलाय."

"म्हणून भरणार?" अक्का म्हणाल्या.

"अर्धी चूक होती. निम्मी फी भरायला हवी खरं तर. पण पंचाहत्तरचा वाद घालायला किती कागद लागतील?" ते माझ्याकडे वळले. "चला, कोषागार उघडं असेल."

आम्ही पांझरेच्या पुलावरून चालत गेलो. रांग होती. नाना रांगेत उभे राहिले, पुढच्या माणसाशी कांद्याच्या भावाबद्दल बोलले, आणि पाळी आली तेव्हा दहाच्या पंधरा नोटा खिडकीत सरकवल्या. कारकुनानं चलनावर शिक्का मारला आणि एक प्रत त्यांना दिली. ती त्यांनी घडी करून माझ्या हातात ठेवली. "तुमच्या फाइलला लावा. हिशेब पूर्ण असावा."

तो पूर्ण आहे, म्हणून इथे लिहितो. शेवटी दिलं गेलं ते असं: एकशे चौसष्ट कुटुंबांना प्रत्येकी पंधराशेप्रमाणे दोन लाख सेहेचाळीस हजार रुपये, कपात काही नाही. गावाकडून सरकारला दंड, काही नाही. नानांना दुसऱ्या अभिप्रायाची फी, काही नाही, कारण त्यांनी बिलच दिलं नाही. आणि नानांकडून सरकारला, रोख, दीडशे रुपये.